लायसन्स सोडवणारे परचुरे साहेब

कॉम्प्युटरवर ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबण्याआधी वरचा सगळा करार वाचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. परचुरे साहेब. नुसता वाचत नाहीत, तर वहीत मुद्दे काढतात, लाल-निळ्या पेन्सिलीनं खुणा करतात. शेजाऱ्यांनी नवा प्रिंटर आणला आणि तो बसवून द्यायला यांना बोलावलं, तर प्रिंटर दोन दिवस खोक्यातच राहिला, कारण साहेब करार वाचत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. “कलम अकरा आम्हाला मान्य नाही, बाकीची सगळी आहेत. तर आता कुठलं बटण दाबायचं?”

पलीकडच्या माणसानं काय उत्तर दिलं ते कळलं नाही. पण साहेबांनी त्याचं नाव, वेळ आणि ‘समाधानकारक उत्तर नाही’ असा शेरा वहीत लिहून ठेवला, आणि मगच बटण दाबलं.

परचुरे मूळचे ग्वाल्हेरचे. त्यामुळे बोलण्यात अदब फार. राग आला तरी “आपण जरा चुकता आहात, हुजूर” यापुढे गाडी जात नाही. आमच्या भोपाळच्या मोठ्या कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी खात्यात काढली, टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये संसार केला आणि निवृत्त झाल्यावर अवधपुरीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आता आसपासच्या कुणाचाही कॉम्प्युटर अडला की लोक यांच्याकडे धावतात. ते येण्याआधी फोनवर तीन गोष्टी सांगतात. “काही दाबू नका. काही बंद करू नका. आणि मी आल्यावर खरं बोला.” लोकांना तिसरीच सगळ्यात जड जाते.

मी मात्र या माणसाचं नाव घरात घेऊ देत नसे. कारण सांगतो.

माझे वडील नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर इथं आले. चपराशी होते. टी. टी. नगरच्या एका खोलीत आम्ही सहा जण. मी वेल्डिंग शिकलो, दुसऱ्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं डोळे जाळले आणि मग इंद्रपुरीच्या मागे स्वतःची शेड टाकली. कारखान्याचं पहिलं काम मिळालं तेव्हा मशीनवर बसवायचे चाळीस पत्र्याचे गार्ड मी स्वतः घासून-पुसून नेले होते. तपासणीला हेच परचुरे. त्यांनी पट्टी लावली, भिंग लावलं, आणि चाळीसच्या चाळीस परत पाठवले. का, तर भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय. मी म्हणालो, “साहेब, बोल्ट जातोय ना आत?” तर म्हणाले, “बोल्ट जातोय, वानखेडे. ड्रॉइंग जात नाही.”

ही गोष्ट मी त्यानंतर निदान हजार माणसांना सांगितली असेल. ते चाळीस गार्ड बरोबर होते असं मी आजही म्हणतो. ते असो.

आता माझ्याकडे पत्रा कापायचं मोठं मशीन आहे. त्याला एक सॉफ्टवेअर लागतं. पत्र्यावर कुठला तुकडा कुठे बसवला की माल वाया जात नाही, ते ठरवतं आणि मशीनला हुकूम देतं. ते विकत घेताना मी विक्रेत्याशी तीन महिने घासाघीस केली होती. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, “वानखेडेजी, इससे तो अच्छा मैं आपके यहाँ नौकरी कर लूँ.” तेव्हा माल पक्का, लायसन्स पक्कं, नाव माझं.

एका सोमवारी सकाळी मशीनवरचे रमजानभाई ऑफिसात आले. वीस वर्षांचे माझे कारागीर, कधी घाईनं बोलत नाहीत.

“सेठ, मशीन कह रही है कि आप हो ही नहीं.”

जाऊन बघतो तर पडद्यावर लाल चौकट. अपडेट झालं होतं, आणि हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे, सबब इथं चालणार नाही, असा मजकूर. दुसरा कॉम्प्युटर? माझ्या शेडमध्ये कॉम्प्युटर एकच, आणि तो माझ्यासमोर होता.

त्या आठवड्यात शनिवारपर्यंत कारखान्याला माल द्यायचा होता. आधीच्या महिन्यात माझा एक माल उशिरा गेला होता. खरेदी खात्याची चिठ्ठी आलेली होती की पुन्हा उशीर झाला तर तुमचं नाव मान्य पुरवठादारांच्या यादीतून काढू. बाहेरच्या माणसाला ती एक यादी वाटेल. मला ती यादी म्हणजे चपराश्याच्या पोराचं इंग्रजीत छापलेलं नाव होतं.

मी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. एक मुलगी बोलली, “सर, मैं आपकी परेशानी समझती हूँ.” ज्याला अडचण खरंच समजते तो ती सोडवतो, नुसती समजून घेणाऱ्याला पगार मिळतो, असं मी तिला माझ्या पद्धतीनं आणि माझ्या आवाजात सांगितलं. फोन कटला. दुसरा केला, तोही कटला. तिसऱ्या वेळी नुसतं संगीत ऐकलं.

मंगळवारी रात्री जेवताना सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “अहो, परचुरे साहेबांना विचारा की.”

“त्या माणसाला? मेलो तरी विचारणार नाही.”

“मरू नका. शनिवारी माल द्यायचाय. मी केलाय फोन. उद्या सकाळी नऊला येतायत. आणि काही दाबू नका म्हणालेत.”

बुधवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना स्कूटर दारात लागली. सत्तरीपुढचा सडपातळ माणूस, इस्त्रीचा बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून वही, टॉर्च, भिंग आणि ती पेन्सिल निघाली. मला वाटलं, जुनं काही काढतील, निदान टोमणा तरी मारतील. तर रमजानभाईंना नमस्कार करून ते सरळ पडद्यासमोर बसले आणि लाल चौकटीतला मजकूर मोठ्यानं वाचत, स्वल्पविरामासकट, वहीत उतरवून घेतला.

“आता सांगा. अपडेट झाल्यावर आपण काय काय केलंत?”

“काही नाही.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “काहीच नाही?”

“एकदा बंद करून चालू केला.”

“एकदा?”

“नऊ-दहा वेळा.”

“आणि?”

“आणि कुणीतरी सांगितलेला एक फुकटचा तोडगा घालून बघितला. कुलूप तोडायचा.”

“तुटलं?”

“नाही. ज्योतिषाच्या जाहिराती यायला लागल्या.”

रमजानभाई तोंड फिरवून खोकले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, “आधी ही घाण काढू. मागच्या खिडकीतून घरात शिरलेला माणूस मालकाकडे किल्ली मागायला जात नसतो, हुजूर.” आणि त्यात त्यांनी तासभर घालवला. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होतो. घाण निघाल्यावर त्यांनी विचारलं, “हा कॉम्प्युटर नवा दिसतो. याच्या आधीचा कुठं आहे?”

“सहा महिन्यांपूर्वी भंगारात दिला. चौदा वर्षं चालवला होता.”

“देताना त्याच्यावरचं लायसन्स परत केलं होतंत?”

“परत? माझंच लायसन्स मी कुणाला परत करू?”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. “टाउनशिपमध्ये बढती झाली की मोठं क्वार्टर मिळायचं, बरोबर? पण नव्याची किल्ली केव्हा? जुन्याचा ताबा सोडल्याची पावती दाखवली की. नळ किती, बल्ब किती, खिडकीच्या काचा किती, सगळं मोजून द्यायचं. आपण काय केलंत? जुन्या क्वार्टरला कुलूप घातलंत आणि सामान नव्यात हलवलंत. सहा महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. सोमवारी अपडेट आलं, म्हणजे इस्टेट ऑफिसात नवा बाबू आला. त्यानं रजिस्टर उघडलं. एका नावावर दोन क्वार्टर! घातलं सील.”

दोन दिवस ज्याच्यावर ओरडत होतो ते प्रकरण मला एका मिनिटात समजलं. समजल्यावर राग आणखी वाढला, कारण आता ओरडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

मग साहेबांनी मदत-क्रमांक लावला. नमस्कार केला. “बेटा, आपका शुभ नाम? पूजा? बहुत अच्छा. पूजा बेटा, गलती हमारी है.” मी खुर्चीतून उठलोच. आयुष्यात सौदा करताना कुणी असं पहिलंच वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. साहेबांनी मला हातानं बसवलं. तक्रारीचा क्रमांक घेतला, तिला परत वाचून दाखवला, तिनं सांगितलेला प्रत्येक शब्द लिहून घेतला. रीतीनं अर्ज करायचा तर पंधरा दिवस लागणार होते. पण त्या मुलीचा आवाज हळूहळू बदलत गेला आणि तिनं आपण होऊन दुसरा मार्ग सांगितला. हे लायसन्स जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कला बांधलेलं आहे. ती डिस्क तसल्याच एखाद्या जुन्या कॉम्प्युटरला लावून सुरू केली आणि त्यातून लायसन्स परत केलं, तर एक लांबलचक कोड मिळतो. तो फोनवर सांगितला की काम झालं.

“पण डिस्क तर भंगारात गेली,” साहेब फोन ठेवून म्हणाले.

“कोण म्हणतं?” मी ड्रॉवर उघडला. बोल्ट, वॉशर आणि जुन्या किल्ल्यांच्या खाली ती पडली होती. “भंगारवाला डिस्कचे वेगळे पैसे द्यायला तयार नव्हता. मग मी काढून घेतली. फुकट का द्यायची?”

परचुरे साहेबांनी डिस्क दोन्ही हातांनी घेतली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. “वानखेडे, आपल्या चिकटपणाला माझा नमस्कार.”

पण या डिस्कला लागणारी चपट्या पट्टीची वायर नव्या कॉम्प्युटरमध्ये नसते. उरलेला बुधवार आम्ही बाजार धुंडाळला. इंद्रपुरीतली सगळी दुकानं, मग टी. टी. नगरमधली. दुकानदार डिस्क हातात घेऊन आजोबांचा फोटो बघावा तशी बघायचे आणि परत द्यायचे. एक जण म्हणाला, “अंकल, ये तो म्यूज़ियम में दे दो.” माझा त्याच्याशी वाद झाला, साहेबांनी मिटवला. मावळतीला आम्ही स्कूटरजवळ उभे राहिलो. मी मनातल्या मनात यादीतून माझं नाव पुसलेलं बघत होतो. साहेब स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात करत होते.

मग म्हणाले, “एक आहे. जुना, चालू. माझ्या घरी.”

“मग सकाळपासून बोलला का नाहीत?” मी खेकसलोच.

साहेबांनी स्कूटरला किक मारली. “उद्या सकाळी आठला या,” एवढंच म्हणाले.

गुरुवारी आठला मी अवधपुरीत हजर. आतल्या खोलीत टेबलावर तो कॉम्प्युटर होता. अंगावर क्रोशाचं पांढरं झाकण, बाजूला धुतलेलं फडकं घडी करून ठेवलेलं. “याला मी इंटरनेट लावत नाही,” साहेब म्हणाले. “बाहेरची हवा लागू देत नाही.” झाकण काढून त्यांनी चार घड्या घातल्या. पाठीमागचे स्क्रू काढले आणि एका वाटीत ठेवले. कुठली वायर कुठे आहे याचं वहीत चित्र काढलं. मग आपली डिस्क काढायला हात घातला, आणि थांबले. परत चित्र तपासलं. परत हात घातला, परत थांबले.

“साहेब, शनिवार!” मी म्हणालो.

“हो, हो. शनिवार.” त्यांनी डिस्क काढली, हातरुमालात गुंडाळली आणि पलंगावर उशीच्या मधोमध ठेवली.

माझी डिस्क लागली. कॉम्प्युटर घरघरला आणि माझा जुना पडदा उजळला. सहा महिन्यांपूर्वीचा धूळभरल्या ऑफिसचा फोटोसुद्धा तसाच होता. साहेबांनी ‘परत करा’वर बोट ठेवलं, करार आला, तो त्यांनी वाचला. मी इतके दात आवळून बसलो की दाढ दुखायला लागली. शेवटी कोड आला. छत्तीस अक्षरं. पूजाला फोन लागला.

“बी फॉर भोपाल. सेवन. यू फॉर उज्जैन. जी फॉर ग्वालियर. आई फॉर इंदौर. फोर. एक्स...” साहेब अडले. “एक्स का हमारे यहाँ कोई शहर नहीं है, बेटा. सिर्फ़ एक्स लिख लो.” पलीकडे ती खळखळून हसली. दोन मिनिटांनी शेडमधून रमजानभाईंचा फोन आला. “सेठ, मशीन मान गई. आप हो.”

फोनमध्ये त्यांच्या मागे पत्रा कापल्याचा आवाज येत होता. मी उड्या मारायचाच बाकी होतो. खिशात हात घालून म्हणालो, “बोला साहेब, तुमचं काय द्यायचं? आज घासाघीस नाही.”

“काही नाही. आपण निघा, आपला माल जायचाय.”

भाव न सांगणारा माणूस मला नेहमीच धोक्याचा वाटत आला आहे. त्यामुळे मी निघालो नाही. साहेब पाठ करून माझी डिस्क काढत होते. मग त्यांनी रुमाल सोडला आणि आपली डिस्क जागेवर बसवायला घेतली. भिंग लावून अर्धा मिलिमीटर पकडणारा तो हात, पण त्यातून वायर तीनदा सुटली. मी पुढे होऊन ती धरली आणि बसवली.

“काय आहे यात?” मी विचारलं.

“काही नाही. मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर आहे. कमलनं घेतलं होतं. ती मराठी मंडळासाठी नाटुकली लिहायची. क्वार्टरमध्ये होतो तेव्हा.” कमल म्हणजे त्यांची पत्नी. पाच वर्षांपूर्वी गेल्या, हे मला सुनंदाकडून माहीत होतं.

“मग छापून घ्या ना सगळं.”

“छापलंय. मजकुराचं नाही हो काही.” साहेब स्क्रूची वाटी हातात घेऊन उभे होते. “सुरू होताना पहिल्या पडद्यावर येतं. नोंदणीकृत वापरकर्ता, सौ. कमल परचुरे. सकाळी चहा झाला की मी एकदा लावतो. ती गेल्यावर एकदा हे बंद पडलं, मला लायसन्स पुन्हा मागायला लागलं. कंपनीला फोन केला तर कंपनीच उठून गेलेली. विचारायला कुणी नाही. तीन आठवडे मी एकट्यानं बसून पुस्तकं वाचली, एकेक करून बघितलं, तेव्हा सुटलं. हे सगळं मी तेव्हाच शिकलो. त्याच्या आधी मला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नव्हता. तीच करून द्यायची.”

“आणि आता ही डिस्क उठली नाही तर?”

“जुनी आहे. फिरते आहे तोवर फिरते आहे. काढ-घाल केली की भरवसा नसतो.”

“मग काढलीत कशाला?” माझा आवाज पुन्हा चढला. का चढला ते मलाच कळलं नाही. “मी कोण तुमचा? तुम्हाला माहितीय, वीस वर्षं मी गावभर तुम्हाला काय काय म्हणत आलोय?”

“माहितीय. कँटीनमध्ये सांगायचे लोक.” मग ते म्हणाले, “आपलं नाव यादीतून जात होतं, वानखेडे. गेलेलं नाव परत चढवणं फार कठीण असतं. माझा अनुभव आहे.”

त्यांनी बटण दाबलं. डिस्क एकदा कण्हली आणि गप्प झाली. पडदा काळाच. मी दोन मिनिटं एका जागी उभा राहणारा माणूस नाही, पण त्या दिवशी राहिलो. मी कुठल्याही सौद्यात देवाला मध्ये घालत नाही, त्या खोलीत मात्र घातला. काहीतरी टकटकलं, पुन्हा टकटकलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकायला लागली. मग निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ते नाव आलं.

साहेब नुसते “बरं” म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

खिशात फोन वाजला. रमजानभाई पुढचा पत्रा कुठला लावायचा ते विचारत असणार. मी पलंगाच्या कडेवर बसलो.

“साहेब, काकूंचं एखादं नाटुकलं वाचून दाखवा की.”

“आता? आपला माल...”

“मालाला दोन दिवस आहेत. वाचा.”

त्यांनी एक फाइल उघडली. एका बाईकडे पाहुणी येते आणि आठवडा झाला तरी जायचं नावच घेत नाही, अशी गोष्ट होती. यजमानीणबाईंचा आवाज साहेबांनी बारीक काढला, पाहुणीचा जाड आणि ठसकेबाज. मध्येच मोलकरीण आली, ती चक्क बुंदेली बोलायला लागली. पाहुणी तिसऱ्यांदा चहा मागते तिथं मी इतका हसलो की डोळे पुसावे लागले. ते बघून साहेबांना आणखी चेव आला. चष्मा कपाळावर सरकवून ते उठून उभे राहिले आणि पाहुणीचं पुढचं वाक्य पडद्याकडे न बघता, हातवारे करत म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. मी तो बंद करून खिशात टाकला, पाय वर घेऊन पलंगावर नीट मांडी घातली आणि म्हणालो, “मग?”